मुलांच्या हातची भेट: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी दुपारी माझ्याकडे दहा-बारा पोरं विणायला-शिवायला बसतात आणि जे काही तयार होतं ते आम्ही हॉस्पिटलात, वृद्धाश्रमात, जिथे लागतं तिथे देतो. हे कळलं की लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलंय. मी काही टीचर वगैरे नाही, उसवत उसवत शिकलेली बाई आहे, त्या हिशोबाने वाचा.

प्र. कितव्या वर्षापासून शिकवता येतं?

वय विचारू नका, हात बघा. शर्टाची बटणं स्वतःची स्वतः लावता येतात का, नाडीची गाठ मारता येते का? येत असेल तर बरंच काही येईल. तरी ढोबळ सांगते. ४-५ वर्षांच्या मुलांना बोटांवरचं विणकाम मस्त जमतं, सुई नाही काही नाही, चार बोटांत लोकर गुंडाळायची आणि खालचा फेरा वरून काढायचा. पुठ्ठ्याला खाचा पाडून केलेल्या मागावर विणणं, लोकरीचे गोंडे करणं हेही त्याच वयात. सहाव्या वर्षी मोठ्या भोकाची बोथट सुई आणि जाळीदार कापड देऊन धावदोरा. सात-आठला दोन सुयांवरचं विणकाम. क्रोशे साधारण त्याच सुमारास, काही मुलांना क्रोशेच आधी जमतं कारण एका वेळी एकच फेरा सांभाळायचा असतो. शिलाई मशीन दहाच्या पुढे आणि तेही शेजारी कोणीतरी मोठं बसलेलं असताना.

प्र. माझा मुलगा आहे, त्याला हे बायकी वाटेल का?

त्याला नाही वाटत, आजूबाजूच्यांना वाटतं. १९१९ साली जर्मनीत श्टुटगार्टला पहिली वॉल्डॉर्फ शाळा निघाली, तिथे मुलगे-मुली एकाच वर्गात बसून विणायला शिकायचे. पहिल्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेत १९१७ मध्ये ज्युनियर रेडक्रॉस सुरू झालं तेव्हाही शाळेतले मुलगे सैनिकांसाठी विणत होते. माझ्याकडच्या बारापैकी पाच मुलगे आहेत आणि सगळ्यात एकसारखा टाका त्यांच्यातल्याच एकाचा पडतो.

प्र. पहिली वस्तू कोणती करायला द्यायची?

चौकोन. स्वेटर नको, टोपी नको, मफलर तर अजिबातच नको. मफलर सोपा वाटतो पण तो संपतच नाही, मूल अर्ध्यावर सोडून देतं आणि मग आई रात्री जागून पूर्ण करते (मी पण केलेत). चौकोन छोटा असतो, संपतो, आणि संपला की मूल उड्या मारतं. असे ३६ चौकोन १५ सेंमीचे जमले की सहा गुणिले सहा, म्हणजे ९० सेंमीची गुडघ्यावर घ्यायची शाल होते. व्हीलचेअरवरच्या माणसाला हाच साइज बरा, कारण मोठी झाली की चाकात अडकते.

मध्यम जाडीची लोकर, फिक्या आणि एकाच रंगाची, काळ्या लोकरीत टाके मोठ्यांना दिसत नाहीत तर पोरांना काय दिसणार. सुया ५ मिमीच्या, बांबूच्या मिळाल्या तर उत्तम, स्टीलवरून टाके सटासट घसरतात. सगळ्या ओळी सुलट. १५ सेंमीला साधारण २४-२५ टाके लागतात.

पण खरी अडचण इथून पुढे सुरू होते. एका मुलाचा हात घट्ट, दुसऱ्याचा सैल, त्यामुळे सगळ्यांनी २४ टाके घातले तरी एकाचा चौकोन १२ सेंमीचा होतो आणि दुसऱ्याचा १८ चा, मग ते जोडताना जो वैताग येतो तो विचारू नका. यावर माझा उपाय म्हणजे कोपऱ्यातून सुरू होणारा तिरका चौकोन. ३ टाक्यांनी सुरू करायचं, दर ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवत जायचं, त्रिकोण मोठा होत जातो. त्याची बाजू पट्टीला लावून १५ सेंमी भरली की दर ओळीला सुरुवातीचे दोन टाके एकत्र विणून कमी करत यायचं, शेवटी ३ उरले की बंद. यात टाके किती हे कोणी विचारतच नाही, फक्त पट्टी लावायची, घट्ट हात असो नाहीतर सैल, सगळे चौकोन एका मापाचे. हे मला तीन वर्षं आधी कळलं असतं तर माझी निम्मी भांडणं वाचली असती.

प्र. मुलाचे टाके आपोआप वाढतात, असं कसं होतं?

हे सगळ्यांचंच होतं. आमच्या एका पठ्ठ्याने २४ ने सुरू केलं आणि वरती पोचेपर्यंत ३१ झाले, समलंब चौकोन करून आणला आणि म्हणतो, काकू मी काहीच केलं नाही. खरंच त्याने काही केलं नव्हतं. ओळ संपून सुई उलटी फिरवली की लोकर सुईच्या वरून मागे ओढली जाते, तेव्हा पहिला टाका ताणून एकाचे दोन दिसतात आणि मूल दोन्ही विणून मोकळं होतं. ओळ सुरू करताना लोकर खाली, सुईच्या पुढे आहे ना एवढंच बघायचं. आणि दर दोन ओळींनी टाके मोजायचे.

प्र. आणि टाका गळला तर?

आरडाओरडा न करता क्रोशाची सुई घ्या, गळलेल्या टाक्यात घाला आणि शिडीच्या पायऱ्यांसारख्या दिसणाऱ्या आडव्या दोऱ्या एकेक करून वर ओढून आणा. मुलांना हे जादूसारखं वाटतं. आमच्याकडे काही मुलं मुद्दाम टाके गाळतात.

प्र. वस्तू कोणाला द्यायची हे कसं ठरवायचं?

आधी विचारायचं, मग लोकर घ्यायची. आधी ढीग करायचा आणि मग घेणारा शोधत हिंडायचं, हे बहुतेक जण करतात आणि मीही पहिल्या वर्षी तेच केलं. वीस टोप्या घेऊन एका ठिकाणी गेले तर तिथल्या बाईंनी कपाट उघडून दाखवलं, आत टोप्याच टोप्या. त्यांना खरं तर पायमोजे हवे होते, कोणी आणतच नाही म्हणाल्या.

२०२० च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात वणवे पेटले होते तेव्हा जगभरातून लोकांनी आईपासून सुटलेल्या कांगारूंच्या पिल्लांसाठी पिशव्या शिवून, विणून पाठवल्या, इतक्या की शेवटी आता पुरे, पाठवू नका असं सांगायची वेळ आली. मन कोणाचं वाईट नव्हतं. पण आलेला ढीग उघडायला, निवडायला, ठेवायला माणसं लागतात आणि आपत्तीच्या वेळी नेमकी तीच कमी असतात.

तर फोन करा आणि विचारा, काय हवंय, कोणत्या वयाच्या माणसाला, किती नग, कधीपर्यंत, कोणता धागा चालेल, कशात धुतलं जातं. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. जिथे सगळे कपडे एकत्र गरम पाण्यात मशीनला लावतात तिथे शुद्ध लोकरीची वस्तू दिली तर ती पहिल्याच धुण्यात आटून, घट्ट होऊन बाहुलीच्या मापाची होईल.

प्र. कॅन्सर पेशंटसाठी टोप्या मुलं करू शकतात का?

दहा-अकराच्या पुढची मुलं करू शकतात, पण नियम पाळून. केस गेलेलं डोकं फार हळवं असतं, टोचणारी लोकर नकोच, मऊ सुती धागा नाहीतर मऊ अॅक्रिलिक. आतून एकही जाड शिवण किंवा गाठ नको. जाळीची नक्षी नको, त्यातून डोकं दिसतं आणि वाराही लागतो. मोठ्या माणसाचं डोकं साधारण ५४ ते ५७ सेंमी भरतं, टोपी त्याहून ५-६ सेंमी लहान करायची म्हणजे ताणून नीट बसते, मोजून तेवढीच केली तर डोळ्यांवर येते. आणि अत्तर, धूप, सुगंधी साबण काही नको. केमो चालू असताना वासाने मळमळतं, आपल्याला चांगला वाटणारा वाससुद्धा त्यांना सहन होत नाही.

प्र. नवजात बाळांसाठी काय करता येईल?

इथे जरा हात आखडता घ्या. एक वर्षाखालचं बाळ झोपतं त्या जागी मऊ खेळणी, उशी, सैल पांघरूण काहीच नको असं डॉक्टर सांगतात, श्वास कोंडायची भीती असते. त्यामुळे भेट म्हणून गोंडस दिसणारी निम्मी यादी तिथेच बाद. टोपी-मोजे द्यायचे तर हॉस्पिटलला विचारून, आणि नाडी, रिबीन, मणी, बटण, गोंडा काहीही न लावता.

क्रोशाचे ऑक्टोपस पण लोक विचारतात. २०१३ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये हे सुरू झालं, वेळेआधी जन्मलेली बाळं नळ्या ओढण्याऐवजी त्याचे पाय धरून ठेवतात म्हणून. फायदा पक्का सिद्ध झालाय असं नाही. पण नियम कडक आहेत, पूर्ण सुती धागा, ६० अंशांच्या पाण्यात धुता येणारा, आणि पाय ताणून २२ सेंमीच्या वर जायला नकोत, नाहीतर बाळाला गुंडाळले जातील. टाके इतके घट्ट लागतात की आत भरलेला फायबर (कृत्रिम कापूस) दिसता कामा नये. माझं स्पष्ट मत, हे मुलांचं काम नाही, मोठ्यांनी करावं.

प्र. मुलांनी केलेलं आहे, थोडं वाकडंतिकडं चालतंच ना?

वाकडं चालतं. सुटणारं चालत नाही.

या एका गोष्टीवर मी कोणाचं ऐकत नाही. "पोरांनी प्रेमाने केलंय" म्हणून आपण जे देतो ते घेणाऱ्याला वापरायचं असतं, भिंतीवर लावायचं नसतं. आमच्या एका मुलीने कापडाचं अस्वल शिवलं होतं, इतकं गोड की सगळ्यांनी फोटो काढले. डोळ्यांना दोन काळी बटणं. मी घरी नेऊन एकदा धुतलं आणि पिळताना एक बटण टपकन बेसिनमध्ये पडलं. हे अस्वल दुसऱ्या दिवशी दोन वर्षांच्या मुलाकडे जाणार होतं. तेव्हापासून मी काहीही न धुता देत नाही.

खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिमी व्यासाचं एक नळकांडं वापरतात, त्यात जी वस्तू किंवा सुटा भाग पूर्ण मावतो तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायचा नाही, घशात अडकू शकतो. घरी टॉयलेट रोलची आतली पुठ्ठ्याची नळी घ्या, ती थोडी मोठी असते म्हणजे चूक झालीच तर आपल्या बाजूने होते. डोळे बटणाचे न लावता दोऱ्याने भरायचे, हे सगळ्यात सोपं. आणि जे लावलंय ते जोरात ओढून बघायचं, ओढायचं काम मुलांनाच द्या, ती फार मन लावून करतात.

प्र. मग चुकलेलं उसवायला सांगायचं? मूल रडेल.

रडतं कधीकधी. मी आधी माझं उसवते. खरंच, एखादी चुकलेली ओळ माझ्या विणकामात असतेच, ती सगळ्यांसमोर सर्रकन काढते. मग मुलाला विचारते, ही चूक धुतल्यावर सुटेल का? नाही सुटणार म्हणाला तर राहू दे, तशीच जाऊ दे. सुटेल म्हणाला तर तेवढंच उसवायचं, सगळं नाही. आणि मुलं झोपल्यावर गुपचूप दुरुस्त करायचं नाही! त्यांना दुसऱ्या दिवशी कळतंच. ते कळल्यावर एका मुलीने महिनाभर सुई हातात घेतली नव्हती.

प्र. वस्तू पूर्ण झाल्यावर मूल द्यायला तयार नाही, काय करू?

ठेवू दे त्याला. पहिली वस्तू ज्याची त्याची, हा आमचा नियमच आहे. एक चौकोन स्वतःच्या उशाशी ठेवला की दुसरा द्यायला जड जात नाही. हातातून ओढून घेऊन कोणाला दिलेली भेट मुलाच्या लक्षात राहते, पण चोरीसारखी.

प्र. वृद्धाश्रमासाठी काय चांगलं?

गुडघ्यावरची शाल वर सांगितलीच. दुसरं म्हणजे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्यांसाठी हात घालायची विणलेली नळी. अशा माणसांचे हात सतत काहीतरी चाळवत असतात, पदर चुरगाळतात, चादर ओढतात. ३० बाय ६० सेंमीचा तुकडा विणून त्याची नळी शिवायची, दोन्हीकडून हात आत जातात, आणि आत-बाहेर मोठी बटणं, चेन, रिबीन, वेगवेगळ्या पोताचे तुकडे लावायचे. ही मुलांची लाडकी वस्तू आहे कारण सजवायला भरपूर वाव. मात्र इथेही बटण तोंडात जाऊ शकतं, म्हणून दुपदरी जाड दोऱ्याने, खालून कापडाचा तुकडा ठेवून पक्कं शिवायचं. टोकदार, धातूची कड असलेलं काही नको. एक नळी एकाच माणसाची, दुसऱ्याला द्यायची नाही, हे नेऊन देताना सांगून ठेवा.

प्र. गरज, गरिबी, आजार हे मुलांना कसं समजावायचं?

फार समजावू नका. "बिचारे" हा शब्द मी आमच्या टेबलावर बंद केलाय. ज्या आजींना थंडीत गुडघे दुखतात त्यांच्यासाठी शाल करतोय, एवढं मुलांना पुरतं, त्यांचे प्रश्न येतील तशी उत्तरं द्या. दुसऱ्याला आपल्यापेक्षा खालचं समजायची सवय इथूनच लागते.

चिठ्ठी लिहायची असेल तर "देव तुमचं भलं करो", "लवकर बरे व्हा" असलं नको, प्रत्येक जण बरा होणार नसतो. एका मुलाने लिहिलं होतं, "या शालीतला निळा चौकोन मी केलाय, एक टाका चुकलाय तो शोधा." त्या आजोबांनी शोधला म्हणे. चिठ्ठीवर फक्त पहिलं नाव आणि वय, आडनाव-पत्ता-शाळा काही नाही. आणि घेणाऱ्यांचे फोटो काढू नका, कृपा करून. शाल घेताना कॅमेऱ्याकडे बघून हसायची सक्ती कोणालाच आवडत नाही.

प्र. विणता-शिवता येत नाही अशा मुलांचं काय?

कागद आहे ना. १९५५ साली हिरोशिमाच्या हॉस्पिटलात नागोयाहून कागदाचे क्रेन पक्षी पेशंटसाठी भेट म्हणून आले होते, ते बघून तिथली ल्युकेमिया झालेली बारा वर्षांची सादाको सासाकी स्वतः घड्या घालायला लागली. औषधांच्या वेष्टनाच्या कागदाचेसुद्धा पक्षी केले तिने. ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेली. मला त्यातलं हे जास्त भिडतं की भेट म्हणून आलेली वस्तू तिने नुसती ठेवून नाही दिली, ती करायला शिकली. त्यावरून मी आता हॉस्पिटलातल्या मोठ्या मुलांसाठी तयार वस्तूंबरोबर साहित्याची छोटी पिशवीही देते, कागद, लोकर, बोटांनी विणायची कृती. पडून राहिलेल्या मुलाचे हात रिकामे असतात हो. अर्थात आधी वॉर्डात विचारून, आणि सगळं नवं, सीलबंद.

प्र. मूल डावखुरं आहे.

शेजारी बसू नका, समोर बसा. आरशात बघितल्यासारखं त्याला सगळं बरोबर दिसतं.

प्र. सुई, कात्रीची भीती वाटते.

वाटायलाच हवी. सुया मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या, एक कमी आली तर कोणी उठायचं नाही. जमिनीवर पडलेली शोधायला लोहचुंबक ठेवा. टाचण्या रंगीत डोक्याच्या घ्या. गरम ग्लू गन मी मुलांना देतच नाही, भाजतं हा एक भाग, आणि त्याने चिकटवलेलं दोन धुण्यांत निघतं हा दुसरा.

प्र. जुने कपडे, जुनी लोकर वापरली तर चालेल?

धुतलेले, न विरलेले असतील तर हो. जुन्या टी-शर्टच्या दोन-तीन सेंमीच्या पट्ट्या कापून ताणल्या की कडा आत वळतात आणि जाड दोरा तयार होतो, आसनं, पिशव्या यांना छान. जुना स्वेटर उसवला तर लोकर कुरळी निघते, तिची लडी बांधून कोमट पाण्यात भिजवायची आणि खाली थोडं वजन अडकवून वाळवायची, सरळ होते. अॅक्रिलिकवर इस्त्री फिरवू नका, वितळून चपटं होतं. त्याच कारणाने गरम भांडी धरायचे कपडे अॅक्रिलिकचे कधीच करायचे नाहीत, त्यांना सुतीच धागा.

बाहुलीत जुना कापूस भरू नका. धुतला की गोळे होतात, वाळत नाही, कुबट वास येतो. फायबर भरा.

प्र. मुलं दहा मिनिटांत कंटाळतात.

मग दहा मिनिटंच बसवा. मी गोष्ट वाचते आणि ती विणतात, गोष्ट रंगली की अर्धा तास कसा गेला कळत नाही. कधी गोष्ट फारच रंगते आणि सगळे हात थांबतात, तेही ठीक.

प्र. किती दिवस आधी सुरू करावं?

तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट. आठ वर्षांच्या मुलाला पहिला चौकोन करायला तीन-चार आठवडे सहज लागतात. थंडीत द्यायचं असेल तर पावसाळ्याच्या आधी सुया हातात हव्यात. आणि जोडायचं काम मोठ्यांच्या गळ्यात पडतं, त्याचे दिवस वेगळे धरा.

प्र. खरं सांगा, एवढी लोकर घेण्यापेक्षा सरळ पैसे दिले तर जास्त उपयोग नाही का?

बऱ्याचदा हो. पूर, भूकंप असं काही झालं असेल तर पैसेच द्या, हातचं काही पाठवू नका, तिथे त्यांना लागेल ते ते आणतील. आम्ही मुलांना हेही सांगतो, लपवत नाही. पण वर्षभर एकाच ठिकाणी पडून असलेल्या माणसाला आपल्यासाठी कोणीतरी मोजून, रंग विचारून काहीतरी केलं याचं वेगळं असतं. आमच्या एका आजींनी पिवळी शाल हवी म्हणून सांगितलं होतं. आम्हाला पिवळी लोकर दोनच चौकोनांची मिळाली. बाकी ३४ राखाडी. त्यांनी शाल उलगडून ते दोन पिवळे चौकोन बरोबर हातांखाली येतील अशी ती फिरवून घेतली.

प्र. उरलेल्या लोकरीचं काय करता?

गोंडे. पोती भरून गोंडे आहेत, कोणाला हवेत का?